भाषांचा प्राध्यापक जनरल कसा झाला: जोशुआ चेंबरलेन आणि विसावी मेन पलटण

प्रश्न असा आहे: अमेरिकी यादवी युद्धातल्या जोशुआ चेंबरलेनबद्दल वाचलं. कॉलेजात भाषा शिकवणाऱ्या माणसाला थेट लेफ्टनंट कर्नल कुणी केलं? तीन वर्षांच्या आत तो मेजर जनरलच्या मानापर्यंत कसा पोचला? आणि गेटिसबर्गला त्याच्या संगिनींच्या हल्ल्याने लढाई वाचली असं म्हणतात, ते कितपत खरं?

मी पायदळात नोकरी केली आणि निवृत्तीनंतर बरीच वर्षं तरुण अधिकाऱ्यांना लष्करी इतिहास शिकवला. चेंबरलेनचं नाव निघालं की वर्गाला थेट संगिनींच्या हल्ल्यापाशी जायचं असतं. मी त्यांना तिथे मुद्दाम उशिरा नेतो, कारण २ जुलै १८६३ च्या संध्याकाळी जे झालं त्याची तयारी ऑगस्ट १८६२ पासून चालू होती. एखादा माणूस दहा महिन्यांत अधिकारी कसा घडतो, हे या आयुष्यात जितकं स्वच्छ दिसतं तितकं मला दुसरीकडे क्वचितच दिसलं आहे. तेव्हा तुमच्या तिन्ही प्रश्नांना मी त्याच वाटेने येतो.

आधी ते सैन्य समजून घ्या, नाहीतर प्राध्यापकाची नेमणूक म्हणजे निव्वळ वशिला वाटेल. १८६१ च्या सुरुवातीला अमेरिकेचं कायम सैन्य जेमतेम १६,००० च्या घरात होतं आणि त्यातलं बरंचसं पश्चिमेच्या सीमेवरच्या लहान लहान ठाण्यांत विखुरलेलं. एप्रिलमध्ये दक्षिणेच्या बंडखोर राज्यांच्या हाती फोर्ट समटर हा किल्ला पडल्यावर लिंकनने उत्तरेकडच्या राज्यांकडून ७५,००० मिलिशिया, म्हणजे नागरिकांची हंगामी फौज, मागवली, तीही फक्त ९० दिवसांसाठी. तेवढ्यात हे मिटणार नाही हे लवकरच कळलं आणि तीन वर्षांच्या करारावर स्वयंसेवकांची भरती सुरू झाली. युद्ध संपेपर्यंत उत्तरेच्या बाजूने २० लाखांहून जास्त माणसं लढली. त्यातली बहुसंख्य या स्वयंसेवक पलटणींतली होती. कायम सैन्य शेवटपर्यंत लहानच राहिलं.

पलटणी उभ्या करायचं काम राज्यांचं होतं. कागदावर एका रेजिमेंटमध्ये, म्हणजे पलटणीत, दहा कंपन्या आणि साधारण हजार माणसं. एकेक कंपनी बहुतेक एकाच पंचक्रोशीतली: कॅप्टन गावातला वकील किंवा मास्तर, शिपाई त्याचे शेजारी आणि सोयरे. बऱ्याच ठिकाणी कंपनीचे अधिकारी शिपायांनीच मत देऊन निवडलेले असत. कर्नलपर्यंतच्या सनदेवर राज्याच्या गव्हर्नरची सही चाले; ब्रिगेडियर जनरलपासून पुढची नेमणूक राष्ट्राध्यक्षांची आणि तिला सिनेटची मंजुरी. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीतून शिकलेले अधिकारी इतक्या पलटणींना पुरणं शक्यच नव्हतं. मग गव्हर्नर कुणाला शोधणार? शिकलेला, मान असलेला, ज्याच्या शब्दावर शंभर पोरं भरती होतील असा माणूस. बोडन कॉलेजच्या प्राध्यापकाने स्वतःहून पत्र लिहिलं तर त्याला जागा मिळणं त्या व्यवस्थेत अगदी स्वाभाविक होतं.

या व्यवस्थेचा एक मोठा दोष पुढच्या हकिगतीसाठी लक्षात ठेवा. नवी माणसं मिळाली की गव्हर्नर त्यांची नवी पलटण काढत, कारण नवी पलटण म्हणजे वाटायला नव्या सनदा. जुन्या, अनुभवी पलटणी मात्र झिजत जात. विसावी मेन पलटण ऑगस्ट १८६२ मध्ये हजाराच्या आसपास माणसं घेऊन निघाली. गेटिसबर्गच्या टेकडीवर ती सुमारे ३८५ माणसांनिशी उभी होती. मधल्या काळात लढाईपेक्षा आजारपणाने जास्त माणसं खाल्ली. आणि त्या ३८५ मध्येही जवळजवळ तिसरा हिस्सा दुसऱ्याच पलटणीतून आलेला होता. ते कसे आले हा माझ्या मते चेंबरलेनच्या कारकिर्दीतला सर्वात महत्त्वाचा प्रसंग आहे, त्याकडे येतोच.

चेंबरलेनचा जन्म ८ सप्टेंबर १८२८ चा, मेन राज्यातल्या ब्रूअर गावचा. लहानपणी तो बोलताना अडखळायचा. ही अडचण त्याने स्वतःच्या प्रयत्नाने दूर केली आणि पुढे हाच माणूस वक्तृत्व शिकवू लागला. मुलगा असताना काही काळ तो एका लष्करी पद्धतीच्या शाळेत होता, पण त्याला लष्करी शिक्षण म्हणता येणार नाही. कॉलेजच्या प्रवेशासाठी ग्रीक लागायची, ती घरी बसून घोकून त्याने १८४८ मध्ये ब्रन्सविकच्या बोडन कॉलेजात प्रवेश मिळवला. १८५२ मध्ये पदवी, मग बँगोरच्या सेमिनरीत धर्मशास्त्राचा अभ्यास, १८५५ मध्ये फॅनी ॲडम्सशी लग्न आणि बोडनमध्ये नोकरी. १८६१ मध्ये तो आधुनिक भाषांचा प्राध्यापक झाला. घरी बायको आणि दोन लहान मुलं, कायमची नोकरी, वय तेहतीस. १८६२ मध्ये कॉलेजने त्याला युरोपात अभ्यासासाठी दोन वर्षांची रजा देऊ केली. जुलैत लिंकनने आणखी ३ लाख माणसं मागितली, आणि चेंबरलेन ती रजा घेऊन युरोपऐवजी गव्हर्नर इझ्राएल वॉशबर्नकडे गेला. त्याच्या पत्राचा आशय असा होता की लष्करी विषयात मला आधीपासून रस आहे, आणि जे येत नाही ते कसं शिकायचं हे मला येतं. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना हे पसंत नव्हतं, त्यांनी विरोधही केला.

गव्हर्नरने त्याला थेट कर्नलपद देऊ केलं, म्हणजे अख्खी पलटण हातात. चेंबरलेनने ते नाकारलं. थोडं खालून सुरुवात करून आधी काम शिकतो, असं त्याने कळवलं आणि लेफ्टनंट कर्नलची जागा घेतली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मी नेहमी इथे थांबतो. त्या काळी कर्नलपदासाठी माणसं गव्हर्नरच्या दारात रांगा लावत होती. अज्ञान अंगावर घेऊन हजार माणसांचं नेतृत्व स्वीकारणारे शेकड्यांनी निघाले, आणि त्याची किंमत त्यांच्या शिपायांनी मोजली. आपल्याला काय येत नाही याचा हिशेब ज्याला इतका नेमका होता, त्याच्या हाताखाली मी आनंदाने नोकरी केली असती.

आणि त्याला गुरू मिळाला तोही तोलामोलाचा. पलटणीचा कर्नल ॲडेलबर्ट एम्स वेस्ट पॉइंटचा १८६१ चा पदवीधर, वय अवघं सव्वीस. १८६१ च्या बुल रनच्या लढाईत मांडीत गोळी घुसलेली असतानाही तो तोफांपासून हलला नव्हता. विसावी मेन ही त्या उन्हाळ्यात राज्यातली शेवटची पलटण, इतर पलटणींत न मावलेल्या माणसांची बनवलेली. पोर्टलंडला जमलेले हे शेतकरी, लाकूडतोडे आणि कोळी पाहून एम्सने त्यांना कवायतीला जुंपलं ते असं की शिपाई त्याला शिव्या घालू लागले. एम्स इथून जावा अशी प्रार्थना करणारेही होते. तेहतीस वर्षांचा प्राध्यापक रात्री या सव्वीस वर्षांच्या कर्नलपुढे विद्यार्थी होऊन बसायचा. मिळेल ते लष्करी पुस्तक वाचतो आहे आणि बटालियनच्या, ब्रिगेडच्या (ब्रिगेड म्हणजे काही पलटणी मिळून) हालचाली शिकणं सोपं काम नाही, असं त्याने बायकोला लिहिलेलं आहे.

या हालचाली म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. खांद्याला खांदा लावून दोन रांगांत उभी असलेली पलटण हा त्या काळच्या लढाईचा घटक. स्तंभात चालत आलेली माणसं काही मिनिटांत रांगेत आणायची, रांग उजवीकडे किंवा डावीकडे सरकवायची, तिचं एक अंग मागे वळवायचं. सगळं तोंडी हुकमांवर, ढोल-बिगुलाच्या साथीने. चाळीस हालचाली पाठ असून भागत नाही. धुरात समोरचं दिसत नसताना कुठली हालचाल हवी हे क्षणात सुचलं पाहिजे, आणि शिपायाच्या पायांनी ती न विचारता केली पाहिजे. पहिलं अधिकाऱ्याने शिकायचं, दुसरं एम्सच्या कवायतीने शिकवायचं. दोन्ही झालं.

सप्टेंबरात अँटीटमच्या लढाईत पलटण राखीव होती. १३ डिसेंबर १८६२ ला फ्रेडरिक्सबर्गला मात्र ती मेरीज हाइट्ससमोरच्या उतारावर गेली आणि थंडीच्या रात्री तिथेच अडकून पडली. समोर दगडी भिंतीआड शत्रू, आडोसा म्हणून आदल्या तुकड्यांचे मृतदेह. चेंबरलेननेही ती रात्र प्रेतांच्या आडच काढली. मेमध्ये चान्सलर्सव्हिलच्या वेळी पलटणीत देवीची साथ होती, म्हणून तिला मागे टेलिग्राफच्या तारांच्या राखणीला ठेवलं. त्याच सुमारास एम्सला ब्रिगेडियर जनरलची बढती मिळाली आणि चेंबरलेन कर्नल झाला.

आणि लगेच ते १२० जण आले. दुसऱ्या मेन पलटणीची दोन वर्षांची मुदत मेमध्ये संपली आणि पलटण घरी गेली. पण तिच्यातल्या सुमारे १२० जणांनी भरतीच्या वेळी तीन वर्षांच्या कागदावर सही केली होती. त्यांचं म्हणणं, आम्ही आमच्या पलटणीत भरती झालो होतो. पलटण गेली, आमची बांधिलकी संपली. कायदा त्यांच्या बाजूने नव्हता, पण दोन वर्षं लढलेल्या माणसांना हे फसवणुकीसारखं वाटलं यात नवल नाही. त्यांनी हुकूम मानायचं नाकारलं. संगिनींच्या पहाऱ्यात, उपाशी अशा अवस्थेत त्यांना चेंबरलेनकडे आणलं गेलं. सोबत हुकूम होता: यांच्याकडून काम करून घ्या, नाही ऐकलं तर गोळ्या घाला.

चेंबरलेनने पहारा काढला. वरिष्ठांकडे जाऊन, हे प्रकरण मला माझ्या पद्धतीने हाताळू द्या, अशी परवानगी घेतली. त्या माणसांना जेवायला घातलं, कपडे दिले, त्यांचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि ते गव्हर्नरला कळवण्याचा शब्द दिला. तो शब्द त्याने पाळला. मग त्यांना एका जागी न ठेवता पलटणीच्या कंपन्यांत वाटून टाकलं. हे शेवटचं पाऊल बारकाईने पाहा. एकत्र राहिले असते तर तो नाराजांचा एक गट झाला असता; कंपन्यांत मिसळल्यावर प्रत्येकाच्या उजव्या-डाव्या हाताला मेनचाच पण नवा सोबती आला. मायेने वागवणं आणि व्यवस्था लावणं ही दोन्ही कामं त्याने एकाच दिवसात केली. मोजके सोडले तर सगळ्यांनी बंदुका उचलल्या. दोन वर्षं लढलेली शंभरावर माणसं त्याला अशी मिळाली, आणि सहा आठवड्यांच्या आत तो गेटिसबर्गला पोचला.

२ जुलैची दुपार. उत्तरेच्या आघाडीचं डावं टोक जिथे संपतं तिथली लिटल राउंड टॉप ही टेकडी जवळजवळ मोकळी आहे, हे सैन्याचा मुख्य अभियंता गव्हर्नर वॉरन याच्या लक्षात आलं. गव्हर्नर हे त्याचं नावच. निरोप्या वाटेत कर्नल स्ट्राँग व्हिन्सेंटला भेटला. व्हिन्सेंट हार्वर्डचा पदवीधर, पेशाने वकील, तोही स्वयंसेवक. वरच्याची वाट न पाहता स्वतःच्या जबाबदारीवर त्याने आपली ब्रिगेड टेकडीवर नेली आणि चार पलटणी ओळीने लावल्या. सर्वात डावीकडे विसावी मेन. तिच्यापुढे कुणीच नाही. म्हणजे सबंध सैन्याची डावी बगल इथे संपत होती. व्हिन्सेंटचा हुकूम: काही झालं तरी ही जागा सोडायची नाही.

चेंबरलेनने पहिलं काम केलं ते कॅप्टन वॉल्टर मॉरिलची बी कंपनी डावीकडे पुढे पाठवायचं, बगलेवर लक्ष ठेवायला. तेवढ्यात हल्ला आला आणि मॉरिल पलटणीपासून तुटला. एका दगडी कुंपणामागे त्याने आसरा घेतला. तिथे त्याला काही शार्पशूटर येऊन मिळाले.

समोरून आली अलाबामाची पंधरावी आणि सत्तेचाळिसावी पलटण. पंधरावीचा कर्नल विल्यम ओट्स, तोही पेशाने वकील. त्याची माणसं त्या दिवशी २० मैलांहून जास्त चालून आली होती आणि आधी शेजारची मोठी टेकडी चढून उतरली होती. पाण्याच्या बाटल्या भरायला पाठवलेली २२ जणांची टोळी परत आलीच नाही. जुलैच्या उकाड्यात घोटभर पाण्याशिवाय ही माणसं चढावर लढली. त्यांच्या बाजूचं हे चित्र डोळ्यांसमोर नसेल तर लढाई अर्धीच समजते.

आता ती हालचाल. समोर गोळीबार चालू असताना चेंबरलेनला एका खडकावरून दिसलं की झाडीआडून शत्रूची मोठी तुकडी त्याच्या डाव्या बाजूला वळसा घालत आहे. त्याने गोळीबार न थांबवता माणसांना डावीकडे सरकत विरळ व्हायला सांगितलं. दोन रांगांची जवळजवळ एक रांग झाली. निशाण पूर्वी जिथे डावं टोक होतं तिथे रोवलं, आणि तिथून डावं अंग काटकोनात मागे वळवलं. त्या अंगावर होता कॅप्टन एलिस स्पिअर. वळसा घालून आलेले अलाबामावाले मोकळी पाठ मिळेल म्हणून धावले आणि त्यांच्या तोंडावर गोळ्यांची सरबत्ती आली.

कागदावर हे चार ओळींत लिहून होतं. मैदानात याचा अर्थ असा: माणसाच्या कानाशी बंदुका फुटताहेत, हुकूम ऐकू येत नाही, शेजारी पडतोय, आणि त्याला सांगायचं की जागा सोड, बाजूला सरक, किंवा मागे जा. गोळीबारात मागे टाकलेलं एक पाऊल पळापळीचं पहिलं पाऊल ठरू शकतं. ज्या पलटणीने हे पाऊल टाकलं आणि ती विस्कटली नाही, ती पलटण एम्सने घडवलेली होती आणि ते सुचणारं डोकं चेंबरलेनने रात्री जागून घडवलं होतं. माझ्या मते टेकडी इथे राखली गेली.

साधारण दीड तास हे चाललं. माणसामागे ६० काडतुसं होती, ती संपत आली. मेलेल्यांच्या आणि जखमींच्या पेट्यांतून काडतुसं काढून झाली. रांगेच्या मध्यभागी एक वेळ अशी आली की निशाणाभोवतीची माणसं पडून जागा मोकळी झाली. तिथे निशाणधारी सार्जंट अँड्र्यू टोझियर निशाणाची काठी कोपरात आवळून उचललेल्या बंदुकीने गोळ्या झाडत उभा होता. हा टोझियर दुसऱ्या मेन पलटणीतून आलेला. पलटणीचं निशाण त्याच्या हाती दिलेलं होतं यातच मेमधल्या त्या प्रसंगाचं फळ दिसतं.

मग संगिनी. डावं अंग आधी उतरत वळलं, उजव्याच्या ओळीत आलं आणि सगळी रांग उतारावरून खाली गेली. त्याच वेळी दगडी कुंपणामागून मॉरिलच्या माणसांनी अलाबामावाल्यांच्या पाठीवर गोळीबार केला. थकलेली, तहानलेली, दोन्हीकडून मारा सोसणारी ती पलटण मोडली आणि बरेच जण कैद झाले. विसाव्या मेनची सुमारे १३० माणसं जखमी किंवा ठार झाली. ओट्सचा धाकटा भाऊ जॉन त्याच उतारावर जखमी होऊन पुढे वारला. चेंबरलेनचा भाऊ टॉम त्याच्याच पलटणीत लेफ्टनंट होता, तो वाचला.

लढाई त्यानेच वाचवली का? त्याचं काम थोर होतं, पण तो एकटा नव्हता. टेकडीच्या उजव्या अंगाला मिशिगनची पलटण ढासळू लागली तेव्हा माणसं सावरताना व्हिन्सेंटला गोळी लागली आणि काही दिवसांत तो गेला. त्या भगदाडात कर्नल पॅट्रिक ओरोर्क १४० व्या न्यूयॉर्क पलटणीला घेऊन धावला आणि जागीच ठार झाला. ते अंग कोसळलं असतं तर डावीकडची सगळी मर्दुमकी वाया गेली असती. शिवाय उत्तरेची मोठी कुमक त्या संध्याकाळी पोचत होतीच. ओरोर्क आणि व्हिन्सेंट आठवणी लिहायला जगले नाहीत. चेंबरलेन पुढे पन्नास वर्षं जगला आणि त्याला शब्दांचं वरदान होतं. त्या दोघांची नावं घेतल्याशिवाय मी हा धडा कधी संपवत नाही.

हल्ल्याचा हुकूम कुणी दिला यावरही पलटणीतल्याच लोकांत मतभेद होते. चेंबरलेन सांगतो की त्याने संगिनी लावायचा हुकूम दिला. स्पिअरने नंतर म्हटलं की त्याच्यापर्यंत हल्ल्याचा हुकूम पोचलाच नाही. आरोळी ऐकली, पुढे जाणारी माणसं दिसली आणि तो निघाला. लेफ्टनंट होल्मन मेल्चरला रांगेपुढे पडलेल्या जखमींना आत आणायचं होतं, त्यासाठी तो पुढे जायची परवानगी मागत होता. ओट्सच्या म्हणण्याप्रमाणे त्याने माघारीचा निर्णय आधीच घेतला होता. मला यात विसंगती कमी दिसते. दीड तास लढलेल्या, काडतुसं संपलेल्या रांगेत हुकूम टोकापासून टोकापर्यंत स्पष्ट पोचत नाही. एकाला शब्द ऐकू येतो, दुसऱ्याला आरोळी, तिसऱ्याला फक्त निशाण हललेलं दिसतं. स्पिअर आणि चेंबरलेन दोघेही आपापल्या जागेवरून खरं सांगत असू शकतात.

पुढची बढती त्याला जवळजवळ मृत्युशय्येवर मिळाली. १८ जून १८६४ ला पीटर्सबर्गसमोर तो पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींची ब्रिगेड घेऊन हल्ल्याला गेला. गोळी उजव्या कमरेतून शिरून मूत्राशयाला इजा करत डाव्या कमरेपर्यंत गेली. तलवार जमिनीत रोवून, तिच्या आधारावर उभा राहून त्याने माणसांना पुढे जाऊ दिलं आणि मग तो कोसळला. डॉक्टरांनी आशा सोडली. भाऊ टॉम आपल्या पलटणीचा सर्जन ॲब्नर शॉ आणि दुसऱ्याच एका पलटणीतला सर्जन मॉरिस टाउनसेंड यांना घेऊन आला आणि त्या दोघांनी त्याला वाचवलं. उत्तरेचा सरसेनापती ग्रँटने त्याला, राष्ट्राध्यक्षांच्या मंजुरीच्या अटीवर, तिथल्या तिथे ब्रिगेडियर जनरल केलं. मेनच्या वर्तमानपत्रांत मृत्यूची बातमीही छापून आली. नोव्हेंबरात हा माणूस पुन्हा ब्रिगेडवर हजर होता. ती जखम मात्र कधीच पुरती भरली नाही. उरलेली जवळजवळ पन्नास वर्षं त्याने वेदना आणि जंतुसंसर्ग सोसला.

२९ मार्च १८६५ ला क्वेकर रोडवर आणखी एक गोळी घोड्याच्या मानेतून आरपार येऊन त्याच्या छातीवर बसली. खिशातलं हुकमांच्या कागदांचं चामडी पाकीट आणि पितळी पाठीचा छोटा आरसा मध्ये आल्याने ती बरगड्यांवरून घसरत बाजूला गेली. त्या दिवसाच्या कामगिरीसाठी त्याला ब्रेव्हेट मेजर जनरलचा हुद्दा मिळाला. ब्रेव्हेट म्हणजे मानाचा हुद्दा; पगार आणि अधिकार त्यामुळे आपोआप वाढत नसत. तुमच्या दुसऱ्या प्रश्नातला मेजर जनरल तो असा. स्वयंसेवक सैन्याचे हुद्दे त्या सैन्यापुरतेच असत. ते विसर्जित झालं की मोठमोठे जनरल आपल्या मूळ जागी परतत. जॉर्ज कस्टर स्वयंसेवकांत मेजर जनरल होता, युद्धानंतर कायम सैन्यात तो लेफ्टनंट कर्नल म्हणून राहिला. चेंबरलेनला परतायला कॉलेज होतं.

१२ एप्रिल १८६५ ला ॲपोमॅटॉक्सला शरण आलेलं दक्षिणेचं पायदळ शस्त्रं ठेवायला आलं. सगळ्यात पुढे घोड्यावर जनरल जॉन गॉर्डन. चेंबरलेनने आपल्या माणसांना शस्त्र खांद्याशी आणून सलामी द्यायला सांगितलं, आणि गॉर्डनने तिला तशीच सलामी देऊन उत्तर दिलं. ग्रँटने समारंभासाठी आपलीच निवड केली हे चेंबरलेनचं म्हणणं मुख्यतः त्याच्याच लेखनातून येतं. चेंबरलेनची ब्रिगेड ज्या डिव्हिजनमध्ये (काही ब्रिगेड मिळून डिव्हिजन) होती, तिचा प्रमुख जोसेफ बार्टलेट होता. सलामी मात्र पक्की, कारण गॉर्डननेही ती कृतज्ञतेने नोंदवली आहे. माझ्या लेखी चार वर्षं ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्यांना असा मान देणं हे टेकडीवरच्या धैर्याच्या तोडीचं धैर्य होतं, आणि उत्तरेत त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली.

नंतरचं थोडक्यात. मेनचा गव्हर्नर म्हणून तो एकेक वर्षाच्या चार मुदती निवडून आला, मग १८७१ ते १८८३ बोडनचा अध्यक्ष. तिथे त्याने विद्यार्थ्यांना लष्करी कवायत सक्तीची केली. १८७४ मध्ये पोरांनी ती नाकारल्यावर त्यांना घरी पाठवून, ऐका नाहीतर कॉलेज सोडा, असं बजावलं. बहुतेक परतले, पण कवायतीची सक्ती टिकली नाही. १२० बंडखोर शिपायांचं आधी गाऱ्हाणं ऐकणारा माणूस विद्यार्थ्यांच्या बाबतीत असा ताठर का झाला, याचं मला आजही वाईट वाटतं. युद्धाने घरातही तेढ आणली. १८६८ च्या सुमारास नवरा-बायको वेगळे होण्याच्या कडेपर्यंत गेले होते. जानेवारी १८८० मध्ये मात्र जुना चेंबरलेन पुन्हा दिसला. राज्याच्या निवडणुकीचा निकाल वादात सापडला, दोन्ही पक्षांची हत्यारबंद माणसं ऑगस्टामध्ये जमली. मिलिशियाचा प्रमुख या नात्याने त्याने सुमारे बारा दिवस शहर शांत ठेवलं, दोन्ही बाजूंचा दबाव झुगारला आणि कोर्टाचा निर्णय येईपर्यंत कुणालाच सत्ता दिली नाही. रक्त सांडलं नाही. लिटल राउंड टॉपसाठी त्याला मेडल ऑफ ऑनर मिळालं ते १८९३ मध्ये, लढाईनंतर तीस वर्षांनी. २४ फेब्रुवारी १९१४ ला पोर्टलंडमध्ये तो वारला, तेव्हा तो ८५ वर्षांचा होता.

राहिला ओट्स. १८६४ मध्ये त्याचा उजवा हात गेला. पुढे तोही अलाबामाचा गव्हर्नर झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याला त्या उतारावर आपल्या पलटणीचं आणि भावाचं स्मारक उभारायचं होतं. अलाबामावाले नेमके कुठवर पोचले यावर चेंबरलेनचं आणि त्याचं जमलं नाही. दगड उभा राहिला नाही. दोघेही म्हातारे, दोघेही प्रामाणिक, आणि दोघांच्या आठवणीत तीच जागा वेगळी. म्हणून या लढाईबद्दल वाचताना मी एक पथ्य सांगतो: कुठलीही हकिगत कधी लिहिली ते आधी पाहा, मग ती लिहिणारा रांगेत कुठे उभा होता ते पाहा. चेंबरलेनची उतारवयातली भाषा फार सुंदर आहे, पण तपशिलासाठी स्पिअर आणि ओट्स शेजारी ठेवूनच ती वाचावी.

गेटिसबर्गला जायचा योग आला तर विसाव्या मेनचं स्मारक पाहून तिथूनच परतू नका. खालच्या झाडीत दगडी कुंपणापाशी बी कंपनीची वेगळी खूण आहे. स्मारकापासून तिथवर चालत जा. मॉरिलची मूठभर माणसं कुठून मारा करत होती ते तिथे उभं राहिलं की कळतं, आणि आपल्या पाठीमागे उत्तरेच्या नव्या पलटणी आल्या आहेत असं ओट्सला का वाटलं असेल, हेही.